चार बोटांचे अंतर

“मग आणखी काय करून दाखवू?” उन्मेषने विचारले.

लाकडी पेटीवर बसलेल्या दाऊदचाचांनी अडकित्त्यात सुपारी धरली. कातरली. उत्तर द्यायची घाई त्यांना नव्हती.

“तेच,” ते म्हणाले.

“तेच तीनशे वेळा झालं, चाचा.”

“मग अजून एकदा.”

उन्मेषने पुन्हा पवित्रा घेतला. डावा पाय पुढे, उजवी मूठ कानाशी. तिथून ती अर्धवर्तुळात उतरली आणि छातीसमोर येऊन अशी थांबली, की कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये नेमकी एक मूठ मावावी. दुसरी मूठ त्याच क्षणी कमरेला लागली. बाहीचा फटकारा भिंतींवर वाजला. कराटेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात तो हा मधला ब्लॉक. छातीवर येणारा ठोसा हाताने बाजूला वळवायचा, एवढेच त्याचे काम. उन्मेषच्या अंगात तो इतका मुरला होता, की पाहणाऱ्याने आरशात तडा शोधावा तसा दोष शोधावा आणि तो कुठे सापडू नये.

“नाही,” चाचा म्हणाले.

खाडीकाठच्या त्या गावात सुपारीचे एक जुने कोठार आहे. व्यापार तालुक्याला गेला, कोठार रिकामे पडले, आणि जहाजावरून निवृत्त होऊन आलेल्या दाऊद परकारांनी तिथे मुलांना कराटे शिकवायला सुरुवात केली. माणूस इंजिनखोलीतला. तरुणपणी त्यांची बोट दुरुस्तीसाठी कोबे बंदरात आठ महिने अडकून पडली, तेव्हा गोदीमागच्या एका लहानशा शाळेत त्यांनी ही विद्या धरली. पुढे बोट जेव्हा जेव्हा तिकडे लागली, तेव्हा तेव्हा ती वाढवली. गावाने त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, असे कधी म्हटले नाही. चाचाच म्हटले. पण पंचक्रोशीत कुणी मूल कराटेला घालायचे काढले, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: चाचांना विचारलं का?

उन्मेष थोरवे इथलाच. अकराव्या वर्षी याच कोठारात त्याने पहिल्यांदा मूठ वळली. दोन वर्षांनी वडिलांची बदली झाली. शहरातल्या मोठ्या वर्गात तो बारा वर्षे राबला आणि काळ्या पट्ट्याचा तिसरा दर्जा व राज्य स्पर्धेतली दोन सुवर्णपदके घेऊन परतला. आता त्याला तालुक्याच्या गावी स्वतःचा वर्ग काढायचा होता. त्यासाठी त्याने शाळेतली क्रीडाशिक्षकाची नोकरी सोडली होती. सभागृह ठरले होते. बत्तीस मुलांची नावे आली होती, आणि बत्तीसही घरांची अट एकच. उद्घाटनाला चाचा यायला हवेत. चाचा आले, तर मुले येतील.

चाचांनी नकार दिला नव्हता. “मधला ब्लॉक नीट झाला, की येतो,” एवढेच ते म्हणाले होते.

उद्घाटन दसऱ्याला, गुरुवारी होते. आज रविवार.

मोठ्या विद्येचा धनी क्षुल्लक गोष्टीपाशी अडतो, असे आपल्या लोककथा पुन्हा पुन्हा सांगतात. मात्र जो अडलेला असतो, त्याला आपण कथेत आहोत हे ठाऊक नसते. उन्मेषला वाटले, म्हातारा हट्टाला पेटला आहे.

“चाचा, राग मानू नका,” तो म्हणाला. “एकदा तुम्हीच करून दाखवा. तुमच्यात आणि माझ्यात फरक काय, तो तरी कळू दे.”

चाचांनी अडकित्ता मिटला. कोपऱ्यातल्या थर्मासमधून बशीत चहा ओतला आणि बशी दोन्ही हातांनी धरून ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

“मार.”

“बशी ठेवा ना.”

“चहा संपेस्तोवर मारत राहा.”

उन्मेष हसला. मग हसणे आवरून त्याने ठोसा सोडला. साधासुधा नव्हे, स्पर्धेत पंचांची निशाणे ज्याच्यावर एकदम वर जात, तो. मूठ चाचांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी पोचली.

चाचांनी बशीत फुंकर घातली.

“जोरात,” ते म्हणाले.

दुसरा ठोसा जास्त वेगाने गेला, तिसरा त्याहून. सदऱ्याचे कापड वाऱ्याने हलले. चाचा जागचे हलले नाहीत. त्यांनी चहा घोटाघोटाने संपवला आणि रिकामी बशी उपडी करून दाखवली.

“अडवलं कोणी?” त्यांनी विचारले.

“कुणीच नाही. तुम्ही हात कुठे उचललात?”

“मग मला लागलं का नाही?”

उन्मेषने स्वतःच्या मुठीकडे पाहिले. ती अजून हवेतच होती. सदऱ्याची गुंडी आणि मूठ यांच्यामध्ये चार बोटे मावतील एवढे अंतर होते. पहिल्या ठोशाला होते तितकेच, शेवटच्यालाही तितकेच.

“मीच थांबलो,” तो म्हणाला.

“हं.”

“ती शिस्तच आहे, चाचा. जोडीच्या सरावात ठोसा चार बोटं अलीकडे थांबवायचा. आमच्याकडे ज्याचा ठोसा लागेल, त्याला वीस जोर काढावे लागत.”

“चांगली शिस्त आहे.”

“तुम्हीच मला शिकवली होती. इथेच.”

“हो. तीस वर्षं शिकवली.”

चाचा पुन्हा आपल्या पेटीवर जाऊन बसले. बाहेर गाडीचे दार आपटल्याचा आवाज आला. त्यांनी मान वळवली.

“आता बघ,” ते म्हणाले. “तुझ्यासमोर थांबायला जिला कुणी शिकवलं नाही, ती आली.”

तालुक्याची तीनची एसटी गावात येऊन उभी राहिली, की चार वाजून दहा मिनिटांपर्यंत हलत नसे. तेवढ्या वेळात चालक मागच्या लांब सीटवर झोप काढी आणि वाहक शालन भुवड कोठारात येई. वय बेचाळीसच्या आसपास, अंगावर खाकी, खांद्याला चामडी पिशवी. गर्दीत अंगचटीला येणाऱ्या एका प्रवाशाला तिने महिन्यापूर्वी चालत्या गाडीतच खाली बसवले होते, ही बातमी उन्मेषच्या कानावर तालुक्यातच आली होती. तिला कराटे शिकायला लागून दोन महिने झाले होते.

तिने पिशवी खुंटीला लावली, उन्मेषला नमस्कार केला आणि त्याचा फोटो डेपोतल्या फलकावर चिकटवला आहे, असे कौतुकाने सांगितले.

चाचा म्हणाले, “बाई, सरांच्या छातीवर एक ठोसा मारा. ते अडवतील.”

उन्मेषला जरा अवघडल्यासारखे झाले. त्याने तिला समजुतीने सांगितले, की घाबरू नका, हळू आलात तरी चालेल. मूठ फक्त छातीच्या चार बोटं अलीकडे थांबवा.

“ते थांबवायचं चाचांनी अजून शिकवलेलं नाही, सर,” शालन म्हणाली. “पुढल्या महिन्यात असेल.”

तिचा ठोसा नवशिक्याचा होता. आधी खांदा वर आला, मग कोपर बाहेर गेले, मग तिने श्वास ओढला. समोरच्याला टपालाने कळवून यावे, तसा तो ठोसा निघाला. उन्मेषची मूठ कानाशी गेली, सुरेख वळली, सुरेख उतरली.

आणि तोवर तो जमिनीवर बसला होता.

छातीत कळ भरली. शालन दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

“लागलं का ओ?”

“नाही,” उन्मेष म्हणाला. बसल्या बसल्या.

“लागलंय,” चाचा म्हणाले. “परत.”

त्या दुपारी ती सात वेळा मारून गेली आणि सातही वेळा लागले. उन्मेषचा ब्लॉक एकदाही चुकला नाही. हेच तर नवल होते. तो दर वेळी नेमक्या जागी, नेमक्या कोनात पोचत होता. पण पोचत होता तो मूठ जिथे थांबायला हवी होती त्या क्षणाला, आणि ती मूठ थांबत नव्हती. चार बोटांच्या त्या अंतराने त्याला बारा वर्षे सवड दिली होती. ती सवड ही आपलीच चपळाई आहे, असे तो समजत आला होता.

हे त्याला त्या दिवशी कळले नाही. त्या दिवशी त्याला एवढेच कळले, की एसटीतल्या बाईने आपल्याला सात वेळा बुकलले.

सोमवारी त्याने युक्ती केली. शालनचा खांदा वर आला, की तो अर्धे पाऊल मागे सरके. मूठ आपोआप उणी पडे आणि हात तिला डौलाने बाजूला सारी. तीनदा जमले. चौथ्या वेळी चाचा उठले आणि त्यांनी उन्मेषला दंडाला धरून कोठाराच्या मधल्या खांबाला पाठ लावून उभे केले.

“पाठीमागे खाडी आहे असं समज,” ते म्हणाले.

खांबाला टेकून खाल्लेले ठोसे आदल्या दिवशीच्यापेक्षा जड निघाले.

शालन गाडीकडे गेली. मग त्याने विचारले, “चाचा, ही तुमच्याकडे आली तेव्हा तुम्हाला लागला होता का हिचा ठोसा?”

“पहिल्याच दिवशी. या पेटीवर बसवलं होतं तिनं मला.”

“आणि?”

“आणि तीस वर्षांत कितीजणांनी माझा मान राखला, ते कळलं.”

“मग किती दिवसांत जमलं तुम्हाला?”

चाचांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. गळ्याखाली, हाडापाशी, पिकल्या जांभळाच्या रंगाचा एक डाग होता.

“हा परवाचा,” ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी मुलांच्या पालकांपैकी एकाचा फोन आला. चाचा येताहेत ना, पत्रिकेत नाव घालू ना, असे त्याने विचारले. उन्मेषने ‘घाला’ म्हणून सांगितले आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्याच आवाजाचा त्याला राग आला. तो राग घेऊनच तो दुपारी खांबापाशी उभा राहिला.

शालनचा खांदा हलला मात्र, त्याने वाट पाहिली नाही. तिचा हात अर्ध्यावर असतानाच त्याची मूठ वरून तिच्या मनगटावर आदळली. हाडावर हाड वाजले.

ठोसा लागला नाही. मागे न सरता, या तीन दिवसांत पहिल्यांदाच लागला नाही.

शालन मनगट धरून खाली वाकली. ओरडली नाही. दोन वेळा श्वास सोडला आणि म्हणाली, “तिकीट मशीन उजव्या हातानं चालवते मी, सर.”

उन्मेषने चाचांकडे पाहिले. चाचा त्याच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी मडक्यातल्या पाण्यात फडके बुडवून पिळले आणि तिच्या हाताला गुंडाळायला घेतले.

“अडवला तर मी,” उन्मेष म्हणाला. आवाज त्यालाच परका वाटला.

“तू तिला मारलंस,” चाचा म्हणाले. “ते वेगळं.”

उन्मेषने तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं राहू द्या, कोपरगावच्या एका म्हाताऱ्याने तर मला उतरताना छत्री मारली होती, त्याने माफीही मागितली नाही. हसली आणि गाडीकडे गेली. हात छातीशी धरून गेली.

त्या संध्याकाळी त्याने सराव केला नाही. धक्क्यावर जाऊन बसला. उद्या ती आली नाही, तर प्रश्न आपोआप मिटतो, असे एकदा त्याच्या मनात आले. आणि दुसऱ्यांदा आले, की ती आली तर बरे. का बरे, हे त्याला नीट सांगता आले नसते. वर्ग उघडणे आणि न उघडणे यांच्या पलीकडचे काहीतरी त्या मनगटापाशी अडकून राहिले होते.

बुधवारी तीनची गाडी तीन वाजून वीस मिनिटांनी आली.

शालन आत आली. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होते. तिने पिशवी डाव्या हाताने खुंटीला लावली.

उन्मेष म्हणाला, “आज नको, ताई. आराम करा.”

“उजवा आरामच करतोय. रजेवर आहे,” ती म्हणाली. “डावा कामावर आलाय.”

चाचा पेटीवर बसले होते.

उन्मेष खांबाला टेकून उभा राहिला. डाव्या हाताचा तिचा ठोसा त्याने पाहिला नव्हता. बहुधा तिनेही पाहिला नसावा. पवित्रा घ्यावा, म्हणून त्याने पाय हलवला आणि मध्येच थांबला. त्याची नजर तिच्या हाताकडे गेली होती. नखाशी शाईचा डाग, करंगळीत चांदीचे वळे, मुठीत अंगठा जरा आत दुमडलेला. असा अंगठा घेऊन ही मारेल आणि आपण काल मारले तसे आज मारले, तर हा अंगठा मोडेल, एवढे त्याच्या डोक्यात आले.

“अंगठा बाहेर घ्या,” तो म्हणाला.

तिने घेतला.

“आता या.”

ती आली. खांदा हलला, कोपर हलले. कुठली मूठ कानाशी न्यायची, हे ठरवायला त्याला वेळ झाला नाही आणि त्याची आठवणही राहिली नाही. तो फक्त त्या हाताकडे पाहत होता. तो कुठून निघाला, कसा येतो आहे, त्याला कुठेही न आपटता कुठून जाऊ द्यावे. त्याचा उजवा हात कमरेवरूनच उठला. वाकडा उठला. कोपर बरगडीला चिकटलेले, मनगट सैल, दुसरा हात कुठेतरी लोंबत होता. त्याच्या बाहीवरून तिची मूठ घसरली, सदऱ्याला चाटून गेली, आणि आपल्याच भाराने पुढे आलेली शालन खांबावर आदळू नये, म्हणून त्याने तिचा दंड धरला.

दोघेही जरा हेलपाटले.

“लागला नाही,” शालन म्हणाली. तिला तो ठोसा चुकल्याचे थोडे वाईट वाटल्यासारखे दिसले.

“तुमच्या हाताला?” उन्मेषने विचारले.

“माझ्या हाताला काय झालंय? हात जागेवर आहे.”

“परत या.”

ती परत आली. पुन्हा परत आली. पाचांपैकी दोन लागले, तीन गेले. गेलेल्या तिन्हींत एकाचाही आकार असा नव्हता, की परीक्षकाने त्याला शंभरांत तीस गुण द्यावेत. एकदा तर उन्मेषने डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी मिळून तिचा हात बाजूला केला, जसे कुणी दारातून आत येणाऱ्या घाईच्या पाहुण्याला उंबऱ्याची आठवण करून द्यावी. लहानपणी असे केले असते, तर याच कोठारात त्याला दहा फेऱ्या पळावे लागले असते.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. चालक उठला होता.

उन्मेष घामाने निथळला होता. त्याने चाचांकडे तोंड वळवले आणि ‘नाही’ ऐकायची तयारी केली. त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले, कारण ते ‘नाही’ आता त्याला पूर्वीसारखे बोचणार नव्हते. नाही म्हणाले, तर उद्या तो बत्तीस घरांना जाऊन सांगणार होता, की अजून महिनाभर थांबा, मी शिकतो आहे. हे सांगता येईल, याची त्याला खात्री वाटली.

चाचांनी अडकित्ता खिशात टाकला. उठले. पेटीवरची टोपी झटकून डोक्यावर घातली.

“उद्या किती वाजता आहे तुझं?”

उन्मेषने कपाळावरचा घाम पुसला.

“दहाला.”

“साडेआठची गाडी माझीच,” शालन दारातून म्हणाली. “चाचा, खिडकीची जागा धरून ठेवते. पण तिकीट काढावं लागेल हं, ओळखपाळख चालायची नाही.”

“ज्येष्ठ नागरिक आहे मी.”

“मग अर्धं.”

ती गेली. गाडी घरघरली, वळली, चढाच्या वळणावर तिचा आवाज थोडा वेळ राहिला आणि सरला.

कोठारात दोघेच उरले. उन्मेषने पट्टा सोडला, घडी घातली, पुन्हा उलगडला. त्याला बरेच काही विचारायचे होते. आकाराचे काय, बारा वर्षे घोटून घोटून गुळगुळीत केलेल्या त्या ब्लॉकचे काय. पण ते प्रश्न त्याचे एकट्याचे होते, आणि उद्या सकाळी दहा वाजता त्याच्यासमोर बत्तीस मुले उभी राहणार होती.

“चाचा, पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवू? ब्लॉक?”

“ठोसा.”

“आणि तो कुठे थांबवायचा, ते?”

चाचांनी कोठाराच्या दाराची एक फळी ओढून लावली. दुसरी ओढताना ते म्हणाले,

“थांबवणं पोरांचं काम नाही. तुझं.”